ट्यूमच्या बाळांसाठी सरकारी सेवा : पाचपैकी अडीच तारे

जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर मी एकतीस वर्षं काढली. त्यामुळे लेकीकडे आयर्लंडमध्ये गॉलवेला आले, तर आधी समुद्र नाही, जवळच्या ट्यूम गावाला जायचं म्हणून हट्ट धरला. जावई म्हणाले, "आई, तिथं आता बघायला काही नाही." खरंच नाही. एका साध्या वसाहतीच्या मधोमध उंच कुंपण ठोकलंय, चोवीस तास पहारा आहे आणि आत खणणं चालू आहे. तरी मी कुंपणाच्या कडेकडेनं एक फेरी मारली. एका घराच्या मागच्या दोरीवर धुणं वाळत होतं, कुंपणापासून हाताच्या अंतरावर.

थोडक्यात प्रकरण असं. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींसाठी इथं बॉन सेकूर या कॅथलिक संघाच्या नन्सचं 'होम' होतं, १९२५ ते १९६१. नन्स चालवायच्या, पण इमारत गॉलवे काउंटी कौन्सिलची, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेची. म्हणजे या गोष्टीत सरकार त्रयस्थ नाही, घरमालक आहे. हे वाचताना विसरू नका.

नोंदी काढल्या त्या गावच्याच कॅथरीन कॉर्लेस या इतिहासप्रेमी बाईंनी, पदरचे पैसे घालून, दाखल्याला ४ युरो. त्या होममध्ये वारलेल्या ७९६ मुलांचे मृत्यूचे दाखले निघाले, दफनाची नोंद एकाचीही नाही. इथंच माझ्यातली कारकून जागी झाली. कारण दाखले नीट आहेत! नाव, वय, तारीख, मृत्यूचं कारण, खबर देणाऱ्याचं नाव, सगळं जागच्या जागी. पण मूल नेलं कुठं, हा रकानाच त्या दाखल्यात नाही. आमच्याकडे पास दाखवल्याशिवाय स्मशानात पुढचं काही होत नसे आणि स्मशानाचं रजिस्टर आमच्या रजिस्टरशी ताडून बघायचं असे. त्या कटकटीला मी आयुष्यभर शिव्या दिल्या. परत घेते.

आता सेवेबद्दल. २०१४ मध्ये जगभर बोभाटा झाल्यावर सरकारनं २०१५ मध्ये न्यायाधीश यव्होन मर्फी यांचा, अशा सगळ्या होम्सची चौकशी करणारा आयोग नेमला. मार्च २०१७ मध्ये आयोगानं जाहीर केलं की ट्यूमला जमिनीखाली वीसेक कप्प्यांचं बांधकाम आहे, त्यातल्या १७ कप्प्यांत मानवी अवशेष आहेत आणि हे बांधकाम सांडपाण्याशी संबंधित असावं. वयं : गर्भातल्या ३५ आठवड्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत. पूर्ण उत्खननाचा निर्णय ऑक्टोबर २०१८. त्यासाठीचा कायदा २०२२. मुख्य खोदकाम सुरू जुलै २०२५. तारखा सलग वाचा, मी वेगळं काही बोलत नाही. उशिराचा एक तारा कापला.

आयोगाच्या अहवालाला मात्र पूर्ण तारा देणार होते. जानेवारी २०२१ मध्ये आला, जवळपास ३,००० पानं, अठरा संस्था, सुमारे ९,००० मुलांचे मृत्यू. आकडेवारी चोख आहे, मी टॅबलेटवर चष्मा बदलून बदलून वाचली. पण या मुलींना मिळालेल्या वागणुकीचा मुख्य दोष मुलांच्या बापांवर आणि मुलींच्या घरच्यांवर, सरकार आणि चर्च नंतर! घरमालकानं भाडेकरूच्या नातेवाइकांकडं बोट दाखवावं तसं. शिवाय साडेपाचशे साक्षीदारांच्या जबान्यांची ध्वनिमुद्रणं आयोगानं पुसली होती, मागाहून बॅकअपमधून परत मिळवावी लागली. आमच्या खात्यात एक नोंद खाडाखोड झाली तर मेमो निघायचा. अर्धाच तारा.

अशा होम्समध्ये राहिलेल्यांसाठी भरपाईची योजना मार्च २०२४ मध्ये उघडली, ८० कोटी युरोंची. आई त्या घरात एक रात्र राहिली असली तरी पात्र. मूल म्हणून राहिलेल्याला मात्र १८० दिवस भरावे लागतात. पाच महिन्यांचं असताना दत्तक गेलेलं मूल बसत नाही. दिवस मोजणारा नियम मीही लावलाय, हात चालतो तसा चालतो. पण आईची रात्र मोजली आणि मुलाचे पाच महिने नाही, हा हिशेब मला काही जुळवता आला नाही. इथं तारा नाही.

पूर्ण तारा कुणाला, तर आत खणणाऱ्यांना. प्रमुख डॅनियल मॅकस्वीनी, आधी रेड क्रॉसमध्ये बेपत्ता माणसांचं काम केलेले. अंदाज दोन वर्षांचा. घाईचं काम नव्हेच हे. एवढ्या लहान बाळांच्या हाडांवरून मुलगा की मुलगी तेसुद्धा खात्रीनं सांगता येत नाही, आणि हाडं एकमेकांत मिसळलेली. डीएनए निघाला तरच नाव लागायची आशा. त्यासाठी नातलगांचे नमुने घेतायत, आणि हे नातलग म्हणजे आता सत्तरी-ऐंशीतली भावंडं. जुळवणीची यादी रोज लहान होतेय, हे सरकारला २०१८ मध्येही ठाऊक असणारच.

उरलेला एक तारा सरकारनं खणायचं ठरवलं म्हणून. वर फरशी टाकून स्मारक करायचा पर्यायही टेबलावर होता, आणि तो स्वस्तात झाला असता.

काम संपलं की लेकीकडे पुन्हा यायचंय. ७९६ पैकी किती नावांपुढं जागा लिहिली गेली ते बघून तारे बदलीन.