पुनर्भेट दाखवावी की पडद्यामागचं काम?

सुट्टीतल्या नाट्यशिबिरात मुलांना काय दाखवावं, यावर आमचा बराच खल झाला. पर्याय दोन, दोन्ही अद्भुतरम्य चित्रपटमालिकांवरचे: 'हॅरी पॉटर'च्या कलाकारांच्या पुनर्भेटीचा कार्यक्रम, की 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं पडद्यामागचं चित्रण. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्येच राक्षस रंगमंचावर आणले होते, तेव्हा अद्भुताचं वेड इथलंच.

'हॅरी पॉटर'च्या कलाकारांची पुनर्भेट २०२२ची. मूळ मालिका २००१ ते २०११, आठ चित्रपट, आणि तेवढ्यात शाळकरी पोरं मोठी झालेली. गेलेल्या सहकलाकारांच्या आठवणींनी माझा गळा दाटला. मुलांची मात्र चुळबुळ सुरू.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पडद्यामागच्या चित्रणात दिग्दर्शक पीटर जॅक्सन आणि मंडळी थेट कामावर बोलतात. चित्रपटात घोडागाडीवर शेजारी बसलेले वाटणारे दोघे खरं तर पुढे-मागे बसलेले! म्हणून मागचा बुटका दिसतो. हे कळताच मुलं मोबाइल घेऊन कृष्णेच्या घाटावर पळाली. एकीनं तळहात पुढे धरला, दुसरा पंधरा पावलं मागे उभा राहिला. फोटोत तो तिच्या तळहातावर अलगद उभा! पायरीची रेघ मध्ये येत होती, म्हणून सहा वेळा जागा बदलली.

मुलांसाठी मी पडद्यामागचं कामच निवडेन. पुनर्भेट पालकांनी रात्री निवांत बघावी.