वजन कमी करायला केलेली स्लीव्ह सर्जरी, अकरा महिन्यांचा वापर: पोटाबद्दल तक्रार नाही, पाण्याच्या नियमाबद्दल भरपूर आहे

परवा दुपारी अंडं अडकलं. साधं उकडलेलं अंडं, गेल्या अकरा महिन्यांत शंभर वेळा तरी खाल्लेलं. चूक माझीच, फोनवर बोलत बोलत खात होतो, पहिला घास उतरायच्या आत दुसरा ढकलला आणि छातीच्या मधोमध कुणीतरी मूठ आवळल्यासारखं दुखायला लागलं. मग तोंडात चिकट फेसाळ लाळ येत राहते, गिळायची सोय नाही कारण खाली रस्ताच बंद, नुसतं थुंकत बसायचं. पाऊण तास बेसिनपाशी उभा होतो. अशा वेळी कुणालाही वाटेल दोन घोट पाणी प्यावं, ढकललं जाईल, तर नेमकं तेच करायचं नसतं, पाणी त्या अंड्याच्या डोक्यावर साठतं आणि दोघं मिळून वर येतात. मला हे माहीत होतं, तरी प्यायलो, आणि आलं वर. तेव्हाच ठरवलं की आता लिहायचंच.

स्लीव्ह काय, बायपास (हृदयाचं नव्हे, पोटाचं) काय, कुणाला कुठली करतात हे इथं सांगत बसत नाही, वाचणाऱ्यांनी ते आधीच दहा ठिकाणी वाचलेलं असतं. माझं स्लीव्ह आहे, म्हणजे पोटाचा 75 ते 80 टक्के भाग कापून बाहेर, उरली ती केळ्याच्या आकाराची नळी. ऑपरेशनच्या दिवशी 128 किलो होतो, आज सकाळी 91. बीपीच्या दोन गोळ्यांची एक झाली, घोरणं बंद झालं, बायको म्हणते आता शांततेमुळे झोप येत नाही. हे सगळं झालं आणि त्याबद्दल मी खूश आहे. पण याच्या जाहिराती भरपूर आहेत, त्यामुळे मी दुसऱ्या गोष्टीवर लिहिणार.

पाणी. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही. ऐकायला किती सोपं वाटतं. ऑपरेशनच्या आधी मला हे सांगितलं तेव्हा मी मान हलवली, मनात म्हटलं पोटच कापून घेतोय, पाण्याचं काय एवढं. आता हिशोब करा. दिवसाला किमान दीड लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे, नाहीतर चक्कर, डोकेदुखी, बद्धकोष्ठता सगळं येतं. मी दिवसातून पाच वेळा थोडं थोडं खातो, एका खाण्याला अर्धा तास लागतो कारण प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा, आणि त्यावर अर्धा तास कोरडा. म्हणजे पाच तास गेले. सोळा तास जागा असतो, उरले अकरा. अकरा तासांत दीड लिटर म्हणजे तासाला साधारण 136 मिली, आणि ते घटाघटा पिता येत नाही, घोट घोट. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तर औषधाच्या बाटलीवर येतो तो 30 मिलीचा कप घेऊन बसायचो, एक कप संपवायला पंधरा मिनिटं. तहान लागलेल्या माणसाला चमच्याने पाणी पाजणं म्हणजे काय ते मला विचारा. उन्हातून आल्यावर उभ्या उभ्या एक तांब्या पाणी पिणं, हे सुख मी 37 किलोच्या बदल्यात दिलंय, आणि खरं सांगतो, खाण्यातल्या कुठल्याच पदार्थाची मला एवढी आठवण येत नाही.

त्यात पुस्तिका. डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलने एक गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तिका दिली, कव्हरवर हसणारं कुटुंब. पान 4 वर लिहिलंय जेवणानंतर 30 मिनिटं पाणी पिऊ नये. पान 11 वर लिहिलंय 45 ते 60 मिनिटं. एकाच पुस्तिकेत! मी पंधराव्या दिवशी फोन केला, तिथल्या डायटिशियन मॅडम म्हणाल्या अर्धा तास. मग म्हटलं पान 11 चं काय, तर म्हणाल्या तेही चालेल. अहो चालेल काय, अर्धा तास आणि तास यात पाच खाण्यांचा गुणाकार केला तर अडीच तासांचा फरक पडतो, तेवढ्यात माझं तीनशे-साडेतीनशे मिली पाणी राहतं. त्या म्हणाल्या सर एवढं टेन्शन घेऊ नका. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा दुसऱ्या मॅडम होत्या, त्या म्हणाल्या तुम्हाला पुस्तिका कुणी दिली. चारदा फोन केला मी एकूण. बायको म्हणाली आता त्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला असेल, उचलायचं नाही म्हणून.

बरं, नियम कशासाठी हे एकानेही धड सांगितलं नाही. "असंच असतं सर." म्हणून सातव्या महिन्यात मी बंड केलं. दोन आठवडे जेवताना पाणी प्यायलो, मजेत. काहीही झालं नाही. ना दुखलं, ना उलटी. मनात म्हटलं बघा, उगाच सहा महिने छळ. मग लक्षात आलं की ताटात जेवढं वाढून घेतो तेवढं संपतंय. आधी अर्धी वाटी भात आणि चिकनचे तीन-चार तुकडे म्हणजे फुल, आता जवळजवळ दुप्पट. आणि दीड तासात परत खा-खा. दोन आठवड्यांनी काट्यावर उभा राहिलो तर एक किलो वर, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच काटा उलटा फिरला. मधे वजन अडलं होतं, तिसऱ्या आठवड्यात तर दहा दिवस जागचं हललं नव्हतं (ते बहुतेकांचं होतं, घाबरू नका), पण वाढलं कधी नव्हतं.

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. ही जी नळी उरली आहे ती घट्ट अन्नाला धरून ठेवते, पातळाला नाही. घट्ट खाल्लं की ते भरतं, हळूहळू उतरतं, तोवर आपल्याला पोट भरल्यासारखं वाटत राहतं. वरून पाणी ओतलं की त्याचं कालवण होऊन ते पुढे सरकतं, जागा रिकामी, भरा परत. हे कळल्यावर बाकीची कोडीही सुटली. चिकनचा पाचवा तुकडा जात नाही पण आइस्क्रीमचा अख्खा कप विनासायास जातो, ते कसं? वितळतं आणि घसरतं म्हणून. बिस्किट चहात बुडवून कितीही जातात, तेही त्यातलंच. म्हणजे ज्या मशीनसाठी एवढी कापाकापी केली त्याला एक मोठी फट आहे आणि ती फट पातळ-गोड पदार्थांच्या मापाची आहे. हे पहिल्या पानावर ठळक अक्षरात छापायला पाहिजे होतं, त्या हसऱ्या कुटुंबाच्या जागी.

तर पाण्याचा नियम बरोबर आहे, हे मला कबूल करावं लागतंय, आणि ते करताना माझा जीव जळतोय. तेव्हापासून परत टायमर लावतो. ऑफिसात टायमर वाजला की शेजारचा म्हणतो, जा बाबा, तुझी नळाची वेळ झाली.

पैशाचं सांगायचं तर मी मुळात चिकट माणूस. ऑपरेशनच्या आधी प्रोटीन पावडरचा सगळ्यात मोठा डबा घेतला, व्हॅनिला, मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून. ऑपरेशननंतर चवच बदलली, व्हॅनिलाचा वास आला तरी मळमळायचं. दिवसाला 60 ग्रॅम तरी प्रोटीन गेलं पाहिजे आणि डबा उघडवत नाही. फेकणं माझ्याकडून होत नाही, म्हणून नाक दाबून दोन महिने प्यायलो, उरलेलं मुलगा व्यायामाला जातो त्याला दिलं. कुणी विचारलं तर सांगतो, आधी लहान पुड्या आणा, वेगवेगळ्या चवीच्या, ऑपरेशननंतर जीभ कुठे जाते ते बघा, मग डबा. कपड्यांचंही तेच, मधल्या मापांचे नवे घेऊ नका, तीन महिन्यांत लोंबायला लागतात. मी एकाच पट्ट्याला खिळ्याने सहा भोकं पाडली. आता पट्ट्याचं टोक पाठीपर्यंत जातं पण पट्टा चांगला आहे.

ताटात टाकायचं नाही ही जन्माची सवय, ती मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. दोन घास उरलेत, टाकवत नाहीत, खाल्ले की संपलं. शेवटच्या एका घासात सगळा खेळ आहे, त्याच्या आधी एकदम बरं वाटत असतं आणि त्याच्यानंतर अर्धा तास भिंतीला टेकून बसायचं. माझं शरीर आधी इशारा देतं, नाक गळायला लागतं किंवा एक उचकी येते, तिथे चमचा खाली. हे ओळखायला मला चार महिने लागले. आता लहान ताटली घेतो आणि आधीच निम्मं वाढतो, उरलं तर डब्यात. बाहेर गेलो की दोघांत एक मागवतो, वेटर विचारतो जेवण आवडलं नाही का. आवडलं रे बाबा.

गोड एकदाच अंगाशी आलं. ऑफिसात वाढदिवसाचा केक, दोन तुकडे, वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ, खुर्चीवरच आडवा. साखर एकदम आतड्यात उतरली की असं होतं, बायपासवाल्यांना जास्त होतं पण स्लीव्हलाही होऊ शकतं. केस चौथ्या महिन्यात मूठमूठ गळाले, नवव्यापर्यंत परत यायला लागले. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने गोळी होती, ती संपली. भूक पहिले काही महिने नव्हतीच, कारण भुकेचं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः कापलेल्या भागातच तयार होतं, पण आठव्या महिन्यापासून थोडी थोडी परत आलीये, हे लक्षात असू द्या, ती कायमची गेली असं धरून चालू नका. व्हिटॅमिन, लोह, कॅल्शियमच्या गोळ्यांचं म्हणाल तर विशेष काही नाही, सकाळी सगळ्या एकदम घेऊन टाकतो.

वरचं लिहून चार दिवस झाले. पोस्ट करायचं राहिलं, मधे फॉलोअप झाला, आणि शेवटचं वाक्य मागे घेतो. लोह कमी निघालंय, बी-12 काठावर. डॉक्टरांनी विचारलं गोळ्या कशा घेता, मी म्हटलं सकाळी एकदम, म्हणजे विसरायला होत नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं की लोह नीट शोषलं जात नाही, दोघांत दोन तासांचं अंतर पाहिजे. कॅल्शियमही एका वेळी 500-600 मिलिग्रॅमच्या वर घेऊन उपयोग नाही, दिवसाचं 1200 ते 1500 व्हायचं तर दोन-तीनदा घ्यायचं. आणि मी जे स्वस्त म्हणून वर्षभराचं भरून ठेवलंय ते निघालं कार्बोनेट, त्याला पचायला पोटातलं आम्ल लागतं, जे आता माझ्याकडे कमी, सायट्रेट घ्या म्हणाले. मी विचारलं असलेलं संपवून मग सायट्रेट सुरू केलं तर? ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. डबा कपाटात आहे. या गोळ्या आयुष्यभर आहेत, हे मला माहीत होतं पण आयुष्यभर म्हणजे टाइमटेबल लावून, हे माहीत नव्हतं. म्हणजे आता पाण्याचे पाच टायमर आणि गोळ्यांचे चार, आणि गोळी गिळायला पाणी लागतं, तर ती पाण्याच्या वेळेतच बसवायची. काल रात्री बसून तक्ता केला, वहीच्या मधल्या जोडपानावर कसाबसा मावला.

अंड्याचंही विचारलं. ते म्हणाले असं अडकणं कधीतरी होतं, पण वारंवार व्हायला लागलं किंवा पाणीही उतरेना झालं तर वाट बघत बसायचं नाही, लगेच यायचं, कारण नळी अरुंद झालेली असू शकते. माझं एकदाच झालंय आणि कारण फोन होता, म्हणून सोडलं.

मग डायटिशियनकडे पाठवलं. नव्या मॅडम होत्या, चांगल्या वाटल्या, पातळ-घट्टचं सगळं त्यांनी एका मिनिटात चित्र काढून समजावलं, जे मला सात महिने घालवून आणि एक किलो वाढवून कळलं होतं. मी पान 11 दाखवलं. त्यांनी वाचलं, पान 4 वाचलं, परत पान 11 वाचलं, म्हणाल्या हो की, हे चुकलंय, अर्धा तासच पाहिजे. अकरा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी हे म्हणालं, मला त्यांना नमस्कार करावासा वाटला. म्हणाल्या पुढच्या छपाईत दुरुस्त करायला सांगते. मी विचारलं पुढची छपाई कधी, तर आत्ताचा साठा संपल्यावर. बाहेर काउंटरवर साठा दिसत होता, दीड-दोन फुटांचा गठ्ठा. बिलाला वीस मिनिटं होती आणि माझ्या खिशात पेन होतं. सात पुस्तिका दुरुस्त करून झाल्या होत्या, तेवढ्यात काउंटरवरच्या बाईंनी बघितलं.