तबल्याच्या खोलीतला एसी होम असिस्टंटला जोडला, त्यानंतरचा पावसाळा

जुलैच्या झडीत सकाळी हार्मोनियमच्या काळी एक या पट्टीला लावलेला तबला संध्याकाळच्या वर्गाला हातात घ्यावा, तर सूर उतरलेला असतो. गोव्यातल्या म्हार्दोळचे आमचे घर चिऱ्यांचे. भिंती पाऊस पितात आणि नवरात्रापर्यंत ती ओल खोलीत सोडत राहतात. मग हातोडी घ्यायची, गजऱ्यावर, म्हणजे चामड्याच्या कडेच्या वेणीवर, ठोकायचे, वादीखालचे लाकडी गठ्ठे सारायचे. ऊन पडले की तोच तबला चढून बसतो आणि उलटी ठोकाठोक सुरू होते. यात पुडीचे, म्हणजे तबल्यावरच्या चामड्याचे, आयुष्य निम्मे होते.

मी तीस वर्षे तबला शिकवतो. खोलीत चार जोड्या, दोन हार्मोनियम आणि मिरजेचा एक तानपुरा आहे. वडिलांच्या वेळेपासूनचा उपाय म्हणजे लाकडी कपाटात साठ वॅटचा बल्ब जळत ठेवायचा. कपाटातले वाद्य त्याने सुकते, पण भिंतीला टेकलेल्या तानपुऱ्याला त्याचा काय उपयोग? २०२२ च्या श्रावणात तानपुऱ्याच्या भोपळ्यावर पांढरी बुरशी पाहिली आणि दीड टनाचा एसी घेतला.

एसी घेऊन प्रश्न सुटला नाही. रिमोटवर तापमान असते, ओल नसते. २०२० पासून आपल्याकडचे नवे एसी मुळात २४ अंशांवर लावलेले येतात. विजेच्या दृष्टीने ते चांगलेच आहे. पण पावसाळ्यात आमची खोली मुळातच २६ अंशांवर असते. एसी थोडा वेळ चालतो, २४ गाठतो, कॉम्प्रेसर थांबवतो. हवा गार होते आणि ओल तशीच राहते. वाद्याला ती गार ओल जास्त बाधते.

अमेरिकेत असलेल्या धाकट्या भावाने तिथला एक स्मार्ट थर्मोस्टॅट आणला होता. दिसायला सुरेख, पण तो चोवीस व्होल्टच्या तारांनी भट्टीला आणि सेंट्रल एसीला जोडायचा असतो. आपल्या स्प्लिट एसीला तशा तारा जोडायची सोय नसते, तो रिमोटच्या इन्फ्रारेडवर चालतो. त्यानंतर मी रिमोटची नक्कल करणारी एक तयार डबी घेतली. तिची प्रत्येक आज्ञा कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून यायची. आमच्याकडे जोराचा पाऊस झाला की इंटरनेट जाते, आणि नेमका तेव्हाच एसी हवा असतो. दोन महिन्यांत ती डबी काढून ठेवली.

यंदा मे महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकला. तो म्हणाला, "सर, तुम्हांला थर्मोस्टॅट नकोच, हायग्रोस्टॅट हवा. खोली थंड नको, कोरडी हवी." ज्या जोडणीबद्दल मी हे लिहितो आहे, ती त्याच्या या एका वाक्यातून उभी राहिली.

जोडणी अशी. कपाटावर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्यावर होम असिस्टंट. ही प्रणाली फुकट आहे आणि सगळे काम घरातच करते, इंटरनेट नसले तरी चालते. एसीसमोर ईएसपी३२ चिपचा बोर्ड, त्याला इन्फ्रारेडचा दिवा, इन्फ्रारेड ओळखणारा रिसीव्हर आणि एसएचटी३१ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर. बोर्डाला काय करायचे ते ईएसपीहोम या सॉफ्टवेअरमधून शिकवले. रास्पबेरी पाय सोडून बाकीच्या सुट्या भागांना मला दीड हजाराच्या आत खर्च आला. पाय मात्र महाग पडतो. घरात जुना लॅपटॉप असेल तर आधी तो वापरून पाहा.

एसीच्या रिमोटची एक गोष्ट मला या निमित्ताने कळली. टीव्हीच्या रिमोटचे बटण एकच आज्ञा पाठवते, आवाज वाढव, चॅनल बदल. एसीचा रिमोट बहुधा प्रत्येक दाबाला सगळी स्थिती पाठवतो: चालू आहे, ड्राय (ओल काढायचा प्रकार) आहे, २५ अंश, पंखा हळू. त्यामुळे एक आज्ञा हुकली तरी पुढची आज्ञा सगळे सावरून घेते. आमच्या रिमोटची भाषा कोणती ते शोधायला एक संध्याकाळ गेली. ईएसपीहोममध्ये अनेक कंपन्यांच्या भाषा तयार असतात, एकेक लावून पाहायच्या. चौथ्या खेपेला कूलिक्स नावाची जुळली आणि एसीने बीप दिला.

मग दहा दिवस फसगत झाली. सेन्सर बोर्डाच्याच डबीत बसवला होता. स्क्रीनवर आर्द्रता ६२ टक्के, आणि तबला रोज उतरलेला. माझा हाताच्या बोटांवर विश्वास जास्त, म्हणून आकड्यावर संशय घेतला. चिप चालताना तापते, डबीतली हवा तापते, आणि हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता कमी दिसते. डबीत २९ अंश होते, खोलीत २६. म्हणजे वाद्यांभोवती खरी आर्द्रता सत्तरीच्या पुढे होती. सेन्सर अर्ध्या मीटरच्या तारेने बाहेर काढून तबल्यांच्या फळीवर ठेवला, एसीचा झोत थेट लागणार नाही असा. ही जोडणी कोणी करणार असेल, तर पहिल्या दिवशीच सेन्सर बाहेर काढा.

सेन्सर खरा आहे का, तेही पाहून घेतले. बरणीत मीठ घेऊन ते जेमतेम भिजेल इतकेच पाणी घातले, वर सेन्सर अधांतरी सोडला आणि झाकण घट्ट लावले. विरघळून उरलेल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. रात्रभर ठेवल्यावर एसएचटी३१ ने ७४ दाखवले. पूर्वी घेतलेले आर्द्रतेचे घड्याळ त्याच बरणीत ६३ वर होते. ते मी भिंतीवरून काढले.

होम असिस्टंटमध्ये जेनेरिक हायग्रोस्टॅट म्हणून सोय आहे. तिला सेन्सर दाखवायचा, काय चालू-बंद करायचे ते दाखवायचे आणि आकडा द्यायचा. आम्ही ५८ दिला, खालीवर तीनची सूट. आर्द्रता ६१ झाली की एसी ड्रायवर चालू, ५५ झाली की बंद. त्याहून खाली मी नेत नाही. पुडी फार सुकली की शाईला, म्हणजे तिच्यावरच्या काळ्या वर्तुळाला, तडे जातात आणि तिचा आवाज मरतो. कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होऊ नये म्हणून किमान दहा मिनिटांचे अंतर ठेवले आहे.

आणखी एक गोष्ट जूनमध्ये आलेखावर दिसली. ड्राय संपल्यावर आम्ही एसी नुसत्या पंख्यावर ठेवत होतो, आणि आर्द्रता पाच मिनिटांत पुन्हा चढत होती. आतल्या थंड नळ्यांवर साचलेले पाणी पंखा परत खोलीत फुंकत होता. आता एसी पूर्ण बंद होतो.

कमतरता खरी एकच, पण मोठी. इन्फ्रारेड एकतर्फी असते. एसीने ऐकले की नाही, हे तो परत सांगत नाही. आमच्याकडे लायट जाते, येते. एसी बंदच राहतो आणि स्क्रीनवर तो चालू दिसतो. एका रविवारी आम्ही मडगावला लग्नाला गेलो होतो, परतलो तेव्हा आर्द्रता ८३. त्यानंतर सोळा अँपिअरचा, वीज मोजणारा स्मार्ट प्लग बसवला. एसी चालू हवा आणि प्लगवर दहा मिनिटे वॅट नाहीत, तर आज्ञा पुन्हा जाते. फोनवर सूचनाही येते. या प्लगशिवाय ही जोडणी अर्धी आहे असेच मी म्हणेन. घरातल्या कोणी हाताने रिमोट दाबला तर ते रिसीव्हरला कळते, त्यामुळे बायकोला कधीही एसी लावायची मोकळीक आहे.

जुलैत प्लगने ९६ युनिट मोजली, म्हणजे रोज तीन युनिटांच्या आसपास. एवढी वीज मला मान्य आहे. श्रावणातल्या भजनी सप्ताहाला तबला घेऊन निघालो, तेव्हा आदल्या रात्री लावलेला सूर सकाळी तिथेच होता. देवळाच्या मंडपात मात्र तासाभरात तो उतरलाच, तिथे कसला एसी! पण घरी परत आणून फळीवर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी हातोडी न लावता वर आला. तानपुऱ्याचा भोपळा मी दर आठवड्याला मऊ फडक्याने पुसतो. यंदा त्या फडक्याला काही लागलेले नाही.