सुई उत्तम, डबी मात्र एकच : राजारामपुरीतलं एक स्तनगाठ तपासणी केंद्र

पाचपैकी साडेतीन तारे. चौथ्यातला अर्धा तारा कुठे अडकला ते पुढे येईलच.

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या या केंद्रात मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), सोनोग्राफी आणि कोर बायोप्सी (जाड सुईने गाठीचे तुकडे काढणं) एकाच मजल्यावर होते. गडहिंग्लज किंवा राधानगरीहून एसटीने येणाऱ्या बाईला तीन ठिकाणी तीन खेपा घालाव्या लागत नाहीत, ही सोय लहान नाही. नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण खालच्या उणिवा याच एका ठिकाणच्या आहेत असं नाही. फायब्रोअ‍ॅडिनोमा (साधी, कॅन्सर नसलेली गाठ), पाण्याची गाठ किंवा उघडउघड कॅन्सर, या नेहमीच्या गिऱ्हाइकांना केंद्र चांगलंच आहे. कस लागतो तो शंभरात एखादीच दिसणाऱ्या गाठीला. म्हणून हे परीक्षण त्याच बाजूने.

सोनोग्राफीपासून सुरुवात करू. दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा बघतात, दुखरी बाजू तेवढी उरकून मोकळं होत नाहीत. रिपोर्टमध्ये गाठीची जागा घड्याळाच्या काट्याने लिहितात: उजवीकडे १० वाजता, स्तनाग्रापासून ४ सेंमी. ‘वरच्या बाहेरच्या भागात गाठ’ एवढंच लिहिलं तर दुसऱ्या डॉक्टरला तीच गाठ पुन्हा सापडेलच असं नाही. डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावून बघण्याची सवयही आहे, आणि तिचा फायदा माँदोरच्या आजारात होतो. यात स्तनाच्या त्वचेखालच्या शिरेत रक्त गोठतं, हात वर केला की कातडीखाली सुतळी ताणल्यासारखी दिसते आणि दुखते. घरात सगळे कॅन्सरच्या भीतीने गारठलेले असतात. डॉपलरवर शिरेतला प्रवाह बंद दिसला की निदान झालं, सुई टोचायची गरज नाही. शेक आणि वेदनाशामक गोळ्यांवर काही आठवड्यांत उतरतं. वयाप्रमाणे एकदा मॅमोग्राफी करून आत दुसरं काही दडलेलं नाही ना, एवढं बघून घ्यायचं.

मॅमोग्राफीच्या आदल्या दिवशी फोन करून ‘काखेत पावडर, डिओ लावू नका’ असं सांगतात. सांगायलाच हवं. पावडरीचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे उमटतात आणि मग नसत्या चौकशा मागे लागतात.

बायोप्सी हा इथला सर्वांत भक्कम भाग. १४ गेजची सुई, स्प्रिंगची गन, २ टक्के लिग्नोकेनने भूल, कातडीला जेमतेम २-३ मिलिमीटरची चीर. गन छातीच्या भिंतीला समांतर धरतात आणि सुईचं टोक प्रत्येक वेळी स्क्रीनवर दिसल्याशिवाय खटका दाबत नाहीत. खटका दाबला की सुई जवळपास २ सेंमी पुढे झेपावते, तेव्हा तिरकी धरली तर फुफ्फुसाच्या आवरणाला धोका. आधी एकदा गन हवेतच उडवून आवाज ऐकवतात. स्टेपलरचा मोठा भाऊ म्हणावा असा तो ‘खट्ट’ ऐकलेला असला की बाई ऐनवेळी दचकत नाही. चार ते पाच तुकडे काढतात. ते डबीत पडताना जरूर बघा, बघू देतात. पांढरट, घट्ट, अखंड तुकडा फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रवात) तळाला जातो आणि चरबीचा पिवळा तुकडा वर तरंगतो. घट्ट गाठीतून घेतलेले सगळेच तरंगू लागले तर सुई गाठीच्या शेजारून गेली असावी. अशा वेळी इथले डॉक्टर आपणहून आणखी दोन तुकडे घेतात.

सुई काढल्यावरचा दाब मात्र आवरता घेतात. १० ते १५ मिनिटं हाताने दाबून धरायला हवं, इथे पाचेक मिनिटांत पट्टी लावून पुढच्या पेशंटला हाक जाते. घरी गेल्यावर निळंजांभळं होतं ते बहुतेक यामुळेच. स्वतःच हात दाबून बसा आणि उठायची घाई करू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, टेबलावर पडल्यावर नव्हे.

बाहेरून बऱ्याच चिठ्ठ्या ‘एफएनएसी करा’ अशा येतात. बारीक सुईने पेशी ओढायच्या, स्वस्त आणि पटकन होणारं काम. गाठीत हत्तीरोगाची जंतू-पिल्लं किंवा टेपवर्मची अळी असेल तर एफएनएसीत निदान होऊन जातं, हे खरं. पण तिथे सुट्या पेशी दिसतात, त्यांची मांडणी दिसत नाही. फायलोडिस या दुर्मिळ गाठीचं सगळं गुपित त्या मांडणीत असतं: पानांसारखे फाटे आणि मधला दाट झालेला स्ट्रोमा (गाठीतली आधाराची ऊती). जर्मनीच्या योहानेस म्युलरने १८३८ साली नाव दिलं ते त्या पानांवरूनच. हे समजावून केंद्र पाठवणाऱ्या डॉक्टरला फोन लावतं आणि चिठ्ठी कोर बायोप्सीची करून घेतं. गावात हे करायला जरा धाडस लागतं.

तरीही फायलोडिसला कोर बायोप्सीही कधीकधी पुरत नाही. साधी, मध्यम की घातक हे ठरवताना सूक्ष्मदर्शकाच्या दहा हाय-पॉवर क्षेत्रांत विभागणाऱ्या पेशी मोजतात: ५ पेक्षा कमी, ५ ते ९, १० किंवा जास्त. त्याबरोबर स्ट्रोमाची दाटी आणि गाठीची कडही बघतात. सुईच्या चार तुकड्यांत हे सगळं बसत नाही. म्हणून ‘फायब्रोएपिथेलियल गाठ, फायलोडिस नाकारता येत नाही’ असा रिपोर्ट आला तर तो टाळाटाळीचा नाही, प्रामाणिक आहे. गाठ झपाट्याने वाढत असेल, तर असा रिपोर्ट हातात ठेवून सर्जनने ती फायब्रोअ‍ॅडिनोमासारखी सोलून काढू नये. भोवतालच्या निरोगी भागासकट काढावी, नाहीतर तिथेच पुन्हा उगवते.

आता अर्ध्या ताऱ्याची गोष्ट. बायोप्सीच्या ट्रेवर एकच डबी असते, फॉर्मालिनची. कॅन्सर आहे का, या प्रश्नाला ती पुरेशी आहे. पण ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस (स्तनाची कॅन्सर नसलेली चिवट सूज) या आजारात तेवढ्याने घोडं अडतं. पेशंट बहुधा तिशीच्या आसपासची, शेवटचं बाळंतपण होऊन काही वर्षं झालेली. कडक दुखरी गाठ, वर लालसर कातडी, मग पू. सासूबाईंनी ‘दुधाची गाठ आहे, शेक दे’ म्हणून महिना काढलेला, त्यानंतर अँटिबायोटिकचे दोन-तीन कोर्स, कुठे तरी चिरा देऊन पू काढलेला आणि ती जखम भरतच नाही. सोनोग्राफीत ही गाठ इतकी वेडीवाकडी दिसते की बाय-रॅड्स (चित्रावरून कॅन्सरची शंका किती, याचा अंक) ४ लिहिलं जातं, कधी ५ सुद्धा. तुकड्यात कॅन्सर निघत नाही, ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचे पुंजके) निघतात. घरचे पेढे वाटायला निघतात आणि तिथेच दुसरा प्रश्न उभा राहतो: हा टीबी आहे की नाही?

आपल्याकडे हा प्रश्न सोडून पुढे जाताच येत नाही. स्तनाच्या टीबीचं वर्णन अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज सर्जनने १८२९ सालीच करून ठेवलं आहे. टीबी असेल तर निदान सहा महिन्यांचा औषधांचा कोर्स, नसेल तर पेशंट पाहून नुसती देखरेख, स्टिरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. टीबीच्या रुग्णाला एकटी स्टिरॉइड दिली तर आजार पसरतो आणि टीबी नसताना टीबीची औषधं दिली तर सहा महिने नुसता लिव्हरला त्रास. निर्णय जंतूंच्या तपासणीवर, आणि फॉर्मालिनमध्ये पडलेल्या तुकड्यातले जंतू मेलेले असतात. त्यांचं कल्चर (जंतू वाढवून बघणं) होत नाही. स्लाइडवर झेड-एन हा टीबीचे जंतू दाखवणारा रंग देता येतो, पण स्तनातल्या टीबीत जंतू इतके विरळ असतात की तो निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाही असं म्हणता येत नाही. सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि कल्चरला ताजा तुकडा किंवा पू लागतो.

उपाय सोपा आहे. दुसरी निर्जंतुक डबी, तळाला थोडं नॉर्मल सलाइन, त्यात एक-दोन तुकडे, फॉर्मालिनचा स्पर्श होण्याआधी. इथे विचारलं तर ‘डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं नव्हतं’ हे उत्तर मिळतं. मग पुन्हा तीच गन, पुन्हा तीच चीर. त्यामुळे गाठ दुखरी असेल, पू असेल किंवा गेल्या काही वर्षांत बाळंतपण झालेलं असेल तर आधीच सांगून ठेवा, आणि युरिन कल्चरची निर्जंतुक डबी मेडिकलमधून घेऊन जा. वीस रुपयांच्या आसपासचं काम. झाकण घरी उघडून बघू नका. सीबीनॅट सरकारी क्षयरोग केंद्रात मोफत होते. कल्चरच्या कागदावर ‘कोरिनेबॅक्टेरियमसाठी जास्त दिवस ठेवा’ असंही लिहून घ्या. या आजाराशी जोडला गेलेला क्रोपेनस्टेटी नावाचा जंतू चरबीवर वाढतो, सावकाश वाढतो, आणि नेहमीचं कल्चर दोन दिवसांत ‘वाढ नाही’ म्हणून बंद झालं की निसटतो.

दुसरी उणीव फॉर्मची. त्यात नाव, वय, कोणत्या बाजूला एवढेच रकाने. इन्सुलिन किती वर्षं चालू आहे, हा नाही. डायबेटिक मॅस्टोपॅथीची गाठ दगडासारखी लागते, सोनोग्राफीत मागे काळी सावली टाकते, आणि निदानाची किल्ली असते जुन्या मधुमेहात. पूर्वीच्या ऑपरेशनचा व्रण, घरात कुणाला टीबी, शरीरात दुसरीकडे झालेला कॅन्सर, यांनाही जागा नाही. व्रणाजवळ फायब्रोमॅटोसिसची (तंतूंची, कॅन्सर नसलेली) गाठ येते, ती हुबेहूब कॅन्सरसारखी काटेरी दिसते. हे सगळं एका कागदावर लिहून फॉर्मला टाचणीने लावा.

या केंद्राचं खरं बळ रिपोर्ट आल्यानंतर कळतं. सोनोग्राफी करणारे डॉक्टर पॅथॉलॉजीचा कागद आपल्या चित्रांशी ताडून बघतात आणि खाली एक ओळ लिहितात: मेळ बसतो किंवा बसत नाही. हॅमार्टोमा या साध्या गाठीचंच घ्या. मॅमोग्राफीत आवरणाच्या आत चरबी आणि ग्रंथी दोन्ही, जणू स्तनात दुसरा लहान स्तन. तुकड्याचा रिपोर्ट येतो ‘सामान्य स्तनऊती’. चित्र न पाहिलेला माणूस म्हणेल सुई चुकली, इथे मात्र ‘मेळ बसतो’ लिहून पेशंटला घरी पाठवतात. उलट, चित्र बाय-रॅड्स ५ आणि रिपोर्ट ‘फॅट नेक्रोसिस’ (मेलेली चरबी), पण ना मार लागल्याचा इतिहास ना मॅमोग्राफीत तेलाची गाठ, तर पुन्हा तुकडे घेतात. ही एक ओळ बऱ्याच ठिकाणी कुणीच लिहीत नाही.

एकाच बाजूच्या स्तनाग्रावरचं न भरणारा इसबासारखा चट्टा, म्हणजे पॅजेटची (स्तनाग्राच्या कॅन्सरची) शंका, असेल तर पंच बायोप्सी (कातडीचा छोटा गोल तुकडा काढणं) लागते. ती इथे होत नाही, हेलपाटा वाचवा. पुरुषांसाठी वेगळी वेळ नाही. बायकांच्या रांगेत ते खाली मान घालून बसलेले असतात.

शनिवारी संध्याकाळची बायोप्सी टाळा. लॅबला डबी सोमवारीच जाते. कॅन्सर निघाला तर ईआर, पीआर, हर-टू या उपचार ठरवणाऱ्या तपासण्यांसाठी तुकडा फॉर्मालिनमध्ये ६ ते ७२ तास असावा, आणि सोमवारला जोडून सुट्टी आली की ही मर्यादा काठावर येते. बायोप्सीच्या पैशात आयएचसी (तुकड्यातली ठरावीक प्रथिनं रंगवून बघायची तपासणी) धरलेली नसते, तेही आधी विचारा. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर या दुर्मिळ गाठीला एस-१०० हा त्यातला रंग लागतो. फायब्रोमॅटोसिस आणि मेटाप्लास्टिक हा कॅन्सरचा दुर्मिळ प्रकार वेगळे करायला केराटिनचे दोन-तीन प्रकार, पी-६३ आणि बीटा-कॅटेनिन. एकच केराटिन निगेटिव्ह आलं म्हणून कॅन्सर नाही असं धरू नये. यासाठी तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक मुंबईला न्यावा लागला तर केंद्र तो पोचपावती घेऊन दोन दिवसांत हातात देतं, कटकट करत नाही. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाताना ब्लॉक आणि स्लाइड हातातल्या पिशवीत ठेवा. मे महिन्यात गाडीने निघालात तर डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे.