बाबांचं लिव्हरचं ऑपरेशन – आमचा अनुभव

बाबांच्या लिव्हरमधे उजव्या बाजूला कॅन्सरची गाठ निघाली आणि आमचं धाबंच दणाणलं, पण सर्जननी स्कॅन समोर ठेवून नीट समजावलं की लिव्हरचे 8 भाग असतात, प्रत्येकाचा रक्तपुरवठा वेगळा, म्हणून खराब भाग तेवढा काढता येतो आणि उरलेलं लिव्हर काही आठवड्यांत वाढून बरीचशी भर काढतं. लिव्हर निरोगी असेल तर 25-30 टक्के उरलं तरी चालतं म्हणे, सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन खराब होणं) असेल तर मात्र 40 टक्के तरी लागतं. बाबांचं कमी उरणार होतं म्हणून आधी उजवीकडची पोर्टल व्हेन, म्हणजे लिव्हरला रक्त आणणारी शीर, बंद केली, मग महिनाभर थांबून डावा भाग वाढल्यावरच कापलं. ते थांबणं जीवघेणं होतं हो, पण घाई केली नाही हे बरंच झालं.

ऑपरेशन एक नंबर. नंतरचं मात्र तसं नाही, पित्त गळत होतं, ड्रेनची नळी जास्त दिवस ठेवावी लागली, आणि वॉर्डात कोणी धड सांगेना की हे होऊ शकतं, रात्रीच्या ड्युटीवाल्या सिस्टरनीच धीर दिला.

आणि डिस्चार्जच्या वेळी 'आता सगळं क्लिअर' असं म्हणायला नको होतं. लिव्हरचा कॅन्सर 5 वर्षांत निम्म्याहून जास्त लोकांना परत येतो, म्हणून दर 3-4 महिन्यांनी स्कॅन आणि एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) करायचं, हे आम्हाला पहिल्या फॉलोअपला कळलं. सर्जनला 5 स्टार, वॉर्डाला 3.