पत्रिकेसाठी हातकागद मागवताय? आधी हे वाचा

धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका घरीच करायच्या असं ठरलं. जळगावात छापील पत्रिका हव्या तशा मिळतात, पण हिचं अक्षर फार देखणं. कट निबने मजकूर ती लिहिणार, गणपतीचा लाकडी ठसा मी उठवणार, आणि कागद मात्र हातकागदच हवा. आमचं आजोळ एरंडोलचं. एरंडोल एके काळी हातकागदासाठी नावाजलेलं गाव होतं. पहिली पत्रिका एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या गणपतीसमोर ठेवायची, तीही तशाच कागदावरची, ही आईची हौस.

फोनवर एका विक्रेत्याची जाहिरात दिसली. सुती चिंध्यांचा लगदा, २५० जीएसएम (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन २५० ग्रॅम), आत झेंडूच्या पाकळ्या, ए-फोर आकार. माणूस बोलायला गोड. "ताई, आधी नमुना बघा, मगच पैसे." नमुन्याचे ताव आले ते अस्सल होते. पाकळी लगद्यात रुतलेली, बोट फिरवलं की हलका उंचवटा लागायचा. नमुना चोख निघाल्यावर कुणीही ऑर्डर देईल. ३२० ताव, ३० रुपयांप्रमाणे ९,६०० रुपये. माल घरी आल्यावर पैसे देते म्हटलं, तर म्हणे लग्नाचा माल कापून तयार करावा लागतो, पूर्ण रक्कम आगाऊ लागेल. यूपीआयने दिली.

पार्सल आलं तेव्हा लग्न तोंडावर आलं होतं. हा उशीर मुद्दामच केला जातो, असं माझं ठाम मत आहे. लग्नघरात माल परत पाठवून भांडत बसायला वेळ कुणाला असतो?

गठ्ठ्यात वरवरचे ताव खरे होते. खालच्या एकावर पत्रिका लिहून झाली, आईने कोपऱ्याला ओलं हळदकुंकू लावलं, तर ते कागदात मुरेचना, ओघळून खाली आलं. "हाऊ काय कागद शे?" आई म्हणाली. मग दोन ताव शेजारी ठेवून पाहिले. डाव्या कोपऱ्यात एक पाकळी, तिचं टोक दुमडलेलं, बाजूला गवताची वाकडी काडी. दुसऱ्या तावावरही तीच पाकळी, तेच दुमडलेलं टोक, तिथंच. तिसऱ्यावरही तेच. पाकळ्या छापलेल्या होत्या! कडा हाताने सोडल्यासारख्या दिसत होत्या, पण खाचा सगळ्यांच्या तंतोतंत सारख्या, म्हणजे साच्याने कापलेल्या. तो साधा गुळगुळीत पुठ्ठा होता.

फोन केला तर "लॉट बदलला की थोडा फरक पडतो, ताई." त्यानंतर माझा नंबर ब्लॉक. बिल नीट पाहिलं. दुकान जयपूरचं सांगितलेलं आणि जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होणारा. २७ हा महाराष्ट्राचा संकेतांक, राजस्थानचा ०८. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला तर भलत्याच धंद्याचं नाव निघालं. ही तपासणी फुकट आहे आणि पैसे देण्याआधीही करता येते.

म्हणून कळकळीने सांगते, चांगल्या नमुन्यावर भरवसा टाकू नका. पूर्ण ऑर्डरआधी थोडेच ताव विकत घ्या आणि गठ्ठ्याच्या मधले काढून शेजारी शेजारी ठेवा. खऱ्या हातकागदाचे दोन ताव हुबेहूब सारखे नसतात. एक ताव उभा आणि आडवा फाडून बघा. यंत्राचा कागद एका बाजूने सरळ फाटतो, दुसऱ्या बाजूने वाकडातिकडा. हातकागदात तंतू सगळीकडे विखुरलेले, त्यामुळे असा फरक फारसा दिसत नाही. वजनाची चोरीही ओळखता येते. ए-फोरचे १६ ताव मिळून एक चौरस मीटर होतो, म्हणजे २५० जीएसएमचे १६ ताव साधारण २५० ग्रॅम भरायला हवेत. हातकागदात थोडं कमीजास्त चालतं. आमच्या शेजारच्या काकांचं सराफी दुकान आहे, त्यांच्या काट्यावर आमचे १६ ताव जेमतेम १७० ग्रॅम भरले. पार्सल उघडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून शेवटच्या तावापर्यंत सलग व्हिडिओ काढा.

पैसे घेऊन माल पाठवलाच नाही आणि माणूस गायब झाला, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी खातं गोठवता आलं तर आलं. आमच्यासारखा भलताच माल हाती पडला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

पत्रिकांचं म्हणाल, तर पुण्याच्या मामेभावाने दुकानात जाऊन, हात लावून, साधा सायीच्या रंगाचा हातकागद आणला आणि बहिणीने रात्री जागून सगळ्या पुन्हा लिहिल्या. तिच्या त्या वाया गेलेल्या मेहनतीचा राग माझ्या मनातून जात नाही. १९१५ वरच्या तक्रारीला विक्रेत्याने उत्तर दिलेलं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो आणि मालासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. जळगावच्या ग्राहक आयोगासाठी अर्ज लिहून झाला आहे. नमुन्याचा ताव, आलेले ताव, बिल आणि यूपीआयची पावती सोबत जोडली आहे.