इंग्लंडचे सामने पूर्ण पाहण्याची सोय: एका सशुल्क सेवेविषयी

फुटबॉलचे जुने सामने पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत दाखवणाऱ्या एका सेवेचे सभासदत्व मी एका ठराविक हेतूने घेतले. १९६६ च्या विश्वचषकानंतर इंग्लंडच्या पुरुष संघाला एकही मोठी स्पर्धा का जिंकता आली नाही, हे क्षणचित्रांवर विसंबून न राहता समजून घ्यायचे होते. नुसती क्षणचित्रे पाहिली तर सगळे खापर पेनल्टी शूटआउटवर फुटते, आणि १९९० पासून २०२१ पर्यंत हा संघ सात वेळा तिथे हरला असल्याने ते पटतेही.

पूर्ण सामने मात्र निराळी गोष्ट सांगतात. इंग्लंडला खरा महागात पडतो तो लवकर झालेला गोल. २००० च्या युरोमध्ये, म्हणजे युरोपीय देशांच्या अजिंक्यपद स्पर्धेत, पोर्तुगालविरुद्ध १८ मिनिटांत २-० अशी आघाडी मिळाली आणि सामना ३-२ ने गेला. २००४ मध्ये पुन्हा पोर्तुगालच समोर होता. ओवेनने तिसऱ्याच मिनिटाला गोल केला, पण ८३ व्या मिनिटाला बरोबरी झाली आणि पुढे पेनल्टीवर पराभव झाला. २०२१ मध्ये झालेल्या युरोच्या अंतिम सामन्यात शॉचा गोल दुसऱ्या मिनिटाचा होता.

सर्वात बोलका आहे तो २०१८ च्या विश्वचषकातला क्रोएशियाविरुद्धचा उपांत्य सामना. ट्रिपियरच्या फ्री किकवर पाचव्या मिनिटाला आघाडी मिळाली होती, शिवाय क्रोएशियाचे खेळाडू आधीचे दोन्ही बाद फेरीचे सामने १२० मिनिटे खेळून, शूटआउट जिंकून आलेले होते. तरीही उत्तरार्धात दमलेला संघ इंग्लंडच वाटतो, कारण मधल्या फळीत चेंडू राखणारा कुणी नाही, बचावफळी मागे सरकत राहते आणि क्रोएशियाच्या मॉड्रिच व राकिटिच यांना हवा तेवढा वेळ मिळतो. ६८ व्या मिनिटाला पेरिशिचने वॉकरच्या डोक्यापाशी पाय उचलून बरोबरी साधली, तेव्हा मला यत्किंचितही आश्चर्य वाटले नाही. प्रशिक्षक बदलले, खेळाडूंची पिढी बदलली, पण आघाडी मिळताच चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करण्याची खोड गेली नाही.

सेवेची चित्रफीत स्वच्छ आहे आणि शोधही चटकन लागतो. चित्रफितीखालच्या वेळेच्या पट्टीवरच्या गोलांच्या खुणा सोयीच्या खऱ्या, पण त्या प्रेक्षकाला एका गोलावरून थेट दुसऱ्यावर नेतात आणि पाहण्याजोगे जे असते ते नेमके मध्येच राहून जाते. कॅमेरा चेंडूमागे धावत असल्यामुळे संपूर्ण संघाची मांडणी क्वचितच दिसते. वरून घेतलेले चित्रण उपलब्ध असते तर वाढीव शुल्क मी आनंदाने भरले असते.

२०२२ आणि २०२५ चा युरो जिंकणाऱ्या इंग्लंडच्या महिला संघाची येथे फक्त क्षणचित्रेच आहेत, त्यामुळे त्याच देशाचा दुसरा संघ आघाडी कशी राखतो, ही मला सर्वाधिक हवी असलेली तुलना या सभासदत्वात करता येत नाही.